दुपारची घंटा

हझनोच्या कानांवरून सीरियाच्या सीमेजवळच्या कफ्रशेनो या ख्रिस्ती गावात थट्टा चालायची. शेजारणीला तिला दोनदा हाक मारावी लागे, पण डोंगरावर संत मोर शलीतोच्या मठात घंटा वाजली की ती गावात सगळ्यांआधी हझनोलाच ऐकू येई. घंटा दिवसातून तीनदा वाजायची, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. ती वेळ जवळ आली की हझनोचे हात मंदावत. कणीक मळत असली तर बोटं कणकेतच थांबत. पहिला ठोका कानावर पडला की ती छातीतला श्वास सोडायची आणि मग कामाला असा वेग यायचा, जणू मधे काही झालंच नाही.

"माझ्या खोकल्याकडे इतकं लक्ष दिलं असतंस तर मी शंभरी गाठली असती," तिचा नवरा मल्के म्हणायचा.

"तुझा खोकला काय, तुझ्याआधी मला कळतो," ती म्हणायची.

मठात एकच माणूस राहत होता. रब्बान, म्हणजे साधू, सोबो. वय छत्तीस, अंगाने काटकुळा. हझनोला तो अम्तो, म्हणजे आत्या, म्हणायचा. मागच्या शरद ऋतूत एका गाढवावर बिछाना आणि दुसऱ्यावर पुस्तकं लादून तो आला, तेव्हा मठाला पन्नासएक वर्षांत मालक नव्हता. देवळात शेळ्यांच्या लेंड्यांचा गुडघाभर थर साचला होता. कड्यात कोरलेल्या सत्तर कोठड्यांत एकेकाळी सत्तर साधू राहायचे असं सांगत. तिथे आता कबुतरं होती. रब्बानने फावडं घेतलं आणि एकट्यानेच सुरुवात केली. मग गावातले पुरुष रविवारी जाऊ लागले, स्वीडनहून सुट्टीला आलेल्या पोरांनी दरवाजा बसवला, जवळच्या मिदयात शहरातल्या सुताराने वेदीची लाकडी चौकट करून दिली. नाताळला तिथे मिस्सेची प्रार्थना झाली तेव्हा म्हातारी माणसं उघडपणे रडली. हझनो रडली नाही. ती सगळा वेळ दाराकडे बघत होती. इतक्या उंचावर, इतक्या थंडीत हा माणूस एकटा राहणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

वर मोबाईल चालत नव्हता. भिंतीच्या एका कोपऱ्यातल्या दगडावर उभं राहिलं तर रेंज यायची, तीही सीमेपलीकडची, सीरियाची. त्यामुळे रब्बान जिवंत आहे की नाही हे कळायला गावाकडे घंटेशिवाय काही नव्हतं. कोणाला ते विशेष वाटत नसे. हझनोला वाटायचं, आणि त्याचं कारण तिने सत्तेचाळीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. मल्केला नाही, पाद्र्यापुढे पापकबुलीत नाही, जर्मनीत आउग्सबुर्गच्या धोबीखान्यात चोवीस वर्षं शेजारी उभं राहून चादरी घड्या घालणाऱ्या मैत्रिणीलाही नाही.

ती अकरा वर्षांची असताना मठात शेवटचा साधू राहत होता. रब्बान बर्सौमो. डोळ्यांनी जवळजवळ आंधळा, पण टाक्यातून बादलीने पाणी काढण्यापासून वातीत तेल घालण्यापर्यंत सगळं हाताने चाचपून करायचा. हझनोचा बाप डेन्हो दर शनिवारी त्याला भाकरी, तेल आणि मनुका पोचवायचा. बाप दगड फोडणारा, घणाच्या आवाजात त्याला बाकी काही ऐकू येत नसे. म्हणून त्याने मुलीला सांगून ठेवलं होतं, "डोंगर तुझ्याकडे. घंटा ऐकायची आणि संध्याकाळी मला सांगायचं. नाही वाजली तर लगेच धावत यायचं."

हझनोने हे काम दोन वर्षं न चुकता केलं. मग हिवाळ्यात गावात लग्न निघालं. तीन दिवस ढोल-सनई, गच्चीगच्चीवर नाच. नाचाच्या रांगेचं पहिलं टोक डेन्होच्या हातात, कारण रुमाल फिरवावा तर त्यानेच. पहिल्या दिवशी दुपारी हझनो मुलींच्या घोळक्यात होती. घंटा वाजली की नाही, तिला खरंच कळलं नाही. संध्याकाळी बापाने विचारलं, "वाजली?" बाप घामाने चमकत होता, खुशीत होता. तिने सांगितलं, "वाजली."

दुसऱ्या दिवशी तिने भीतीने कान देऊन ऐकलं. गोठ्याच्या मागे जाऊन, दुसरा कान बोटाने बंद करून ऐकलं. घंटा वाजली नाही. पण आज नाही म्हणावं तर कालचं खोटं उघडं पडणार, आणि बाप नाच सोडून जाणार. "वाजली," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी बर्फ पडला आणि बापाने विचारलंच नाही. चौथ्या दिवशी शनिवार होता, म्हणून तो भाकऱ्या घेऊन वर गेला.

रब्बान बर्सौमो टाक्यापासून देवळाकडे येणाऱ्या पायऱ्यांवर सापडला. पाद्री म्हणाला, एका क्षणात प्राण गेला असणार. पण रात्री बाप आईला हळू आवाजात म्हणाला की म्हाताऱ्याची नखं तुटलेली होती, तो बराच सरपटला होता. अंथरुणात पडलेल्या हझनोने ते ऐकलं.

त्यानंतर मठात कोणी आलं नाही. पुस्तकं खेचरांवर लादून नेली गेली. डेन्होने दाराशी दगड रचले. पुढे गावही पातळ होत गेलं. एक घर जर्मनीला, दोन स्वीडनला, एक स्वित्झर्लंडला. हझनो सत्तावीस वर्षांची असताना मल्के तिला घेऊन गेला आणि त्यानेच तिला परत आणलं, मुलगी नहरीनला तिच्या संसारात आउग्सबुर्गला सोडून. मल्केने कफ्रशेनोत दुमजली घर बांधलं. गॅलरीतून समोर डोंगर दिसेल असं. गॅलरी दुसऱ्या बाजूला असती तर, असं हझनोच्या मनात आलं, पण घर बांधून झालं होतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारची घंटा वाजली नाही.

सकाळपासून धुकं होतं. हझनो बल्गरच्या दलियासाठी कांदा परतत होती. तिने घड्याळ पाहिलं, गॅस बंद केला, गॅलरीत गेली. डोंगर दिसत नव्हता. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"मल्के, घंटा वाजली नाही."

"वारा उलटा असेल."

"वारा नाहीये. पान हलत नाहीये."

"मग झोपला असेल तो. साधू काय झोपत नाहीत? हझनो, जेवायला वाढ."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की मल्के खुर्चीतून उठलाच. गावातले धडधाकट पुरुष त्या दिवशी एका मयतीला मिदयातला गेले होते. मागे राहिले होते गुडघे धरून बसलेले चार म्हातारे आणि साखरेच्या आजाराने पाय सुजलेला मल्के.

"संध्याकाळपर्यंत माणसं येतील," मल्के म्हणाला. "तेव्हा कोणाला तरी पाठवू."

"संध्याकाळपर्यंत?" हझनोचा आवाज असा चढला की शेजारणीने खिडकी उघडली. "तू मयतीतल्यांना फोन लाव. लागेपर्यंत लावत राहा. मी निघते."

"तू? तुझा गुडघा?"

ती निघाली होती. ऊन-पावसाची छत्री काठीसारखी धरून, खांद्यावर घोंगडी, थर्मासमध्ये चहा. बदामाच्या बागा संपून चढण लागली तेव्हा धुकं इतकं दाट होतं की आपलीच चप्पल दिसेना. वाट माहीत होती म्हणून पाय पडत होते. दर वळणावर ती थांबून ऐकायची. कदाचित उशीर झाला असेल, कदाचित आत्ता वाजेल. आणि वाजलीच तर आपण किती वेडे, असं म्हणत खाली जायला तिला किती बरं वाटलं असतं! पण फक्त स्वतःचा श्वास आणि धुक्यातून ठिबकणारं पाणी. आपण हळू चाललोय, असं तिला सारखं वाटत होतं. पुन्हा उशीर करतोय. गुडघ्यात कोणी सुई खुपसावी तशी कळ येत होती.

कड्याच्या खाली शेळ्यांच्या घंट्या ऐकू आल्या. क्षणभर तिला वाटलं, तीच ती. मग शेरो दिसला, शेजारच्या कुर्द वस्तीतला धनगर, चाळिशीचा गडी, डोक्याला मफलर. तोही तिला आत्याच म्हणायचा, कुर्दीत, मेता.

"मेता हझनो! या धुक्यात कुठे? हरवलीस की काय?"

"शेरो, तू रब्बानला पाहिलंस? आज, सकाळी?"

"सकाळी घंटा ऐकली. दुपारची नाही ऐकली बघ." तो बोलता बोलता थांबला. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने कुत्र्याला शेळ्यांजवळ बसवलं आणि तिचा हात धरला. "चल."

शेवटच्या चढणीला त्याने तिला जवळजवळ ओढतच नेलं. मठाचं दार उघडं होतं. स्वयंपाकघरात चहाचा ग्लास होता, अर्धा प्यालेला, थंड. देवळात कोणी नाही. कोठडीत अंथरूण नीट घडी केलेलं. हझनोने हाक मारली तर आवाज भिंतींवर आपटून परत आला. तिचे पाय आपोआप त्या जुन्या पायऱ्यांकडे वळले. पायऱ्या रिकाम्या होत्या. त्या रिकाम्या पाहून तिला रडूच फुटलं.

"गप्प, मेता," शेरो म्हणाला. "ऐक."

टाक्यातून आवाज येत होता. कोणीतरी दगडावर दगड मारत होतं, सावकाश, मधेच थांबून.

मठाचं टाकं खडकात खोदलेलं होतं, दोन पुरुष खोल, वर माणूस जाईल एवढंच तोंड. पावसाचं पाणी त्यात साठायचं आणि एका भेगेतून निसटायचं. भेग बुजली नाही तर उन्हाळ्यात मठात राहणं शक्य नव्हतं. पाणी कमी आहे तोवर चुन्याचा गिलावा करावा म्हणून रब्बान सोबो सकाळी शिडी लावून उतरला होता. शिडीची पायरी तुटली. तो पडला, पाय मोडला आणि शिडी त्याच्याबरोबरच आत कोसळली.

"रब्बान!" हझनो तोंडाशी आडवी झाली.

"अम्तो हझनो?" खालून आवाज आला, दात वाजत होते. "तू आलीस? तू कशी आलीस?"

"तुम्ही कसे आहात ते सांगा!"

"पाणी मांडीपर्यंत आहे. एका पायावर उभा आहे. दुसरा चुकीच्या बाजूला वळलाय."

शेरोने बादलीचा दोर सोडला, पण रब्बानचे हात इतके गारठले होते की त्याला गाठ मारता येईना. शेरो उतरला तर दोघांना वर ओढायला हझनो एकटी. दोघांनाही तो हिशेब जमेना. मग शेरोने आपला कोट, घोंगडी आणि थर्मास दोराने खाली सोडला.

"मी कोपऱ्यातल्या त्या रेंजच्या दगडावर जाऊन वस्तीवर फोन करतो. नाही लागला तर खाली पळतो," तो म्हणाला. "मेता, त्याला झोपू देऊ नकोस. माझा काका असाच बर्फात झोपला होता." एवढं बोलून तो पळाला.

हझनो टाक्याच्या तोंडाशी एकटी राहिली. खाली अंधारात रब्बानच्या कपाळाचा पांढरा ठिपका तेवढा दिसत होता.

"रब्बान, बोला."

"काय बोलू?"

"काहीही. लहानपणचं बोला. आई काय करायची जेवायला?"

तो थोडं बोलला. आईच्या कुटल्यांबद्दल, त्या खिम्याच्या गोळ्यांत ती मिरी जास्त घालायची त्याबद्दल. मग वाक्यं तुटायला लागली. मधे इतका वेळ गेला की हझनोने ओरडून छत्री टाक्याच्या कडेवर आपटली.

"जागा आहे," तो म्हणाला. "अम्तो, आता तू बोल. मी दमलो."

तिने आउग्सबुर्गबद्दल सांगितलं. धोबीखान्याबद्दल, नहरीनच्या लग्नाबद्दल. मल्केच्या साखरेबद्दल सांगितलं. तेवढ्यात सगळं संपलं. आयुष्यात सांगण्यासारखं एवढंच होतं याचं तिला आश्चर्य वाटलं. खाली शांत होतं आणि शांतता नको होती, म्हणून जे उरलं होतं ते तोंडातून बाहेर आलं. लग्न, ढोल, गोठ्यामागे उभं राहून ऐकणं. वाजली. वाजली. तुटलेली नखं.

"मी वाजली म्हणाले," ती टाक्यात वाकून म्हणाली. "ऐकताय का तुम्ही? नव्हती वाजली. मला माहीत होतं."

तिने छत्री पुन्हा कडेवर आपटली.

"रब्बान!"

"ऐकतोय, अम्तो." दात कडकड वाजत होते. "मी पाण्यात उभा आहे. मला आत्ता शहाणपणाचं काही सुचत नाहीये. पण तू थांबू नकोस. बोलत राहा. बर्सौमो कसा दिसायचा? मला कोणीच सांगितलं नाही."

मग तिने ते सांगितलं. त्याची दाढी एका बाजूने पिवळी होती, तंबाखूने. हझनोच्या बापाकडून तो चोरून तंबाखू मागवायचा. त्याला मुलांची नावं चेहऱ्यावरून नाही, डोक्याला हात लावून कळायची. सांगता सांगता तिला इतकं आठवत गेलं की शेरो वस्तीवरच्या पाच पुरुषांना घेऊन धापा टाकत वर पोचला ते तिला त्याने खांद्याला हात लावल्यावर कळलं. मागोमाग मयतीहून परतलेले गावचे लोकही आले. एक जण खाली उतरला, रब्बानला दोराने बांधलं, आठ जणांनी ओढलं. तो वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते, पण डोळे उघडे होते. हझनोने त्याचे हात आपल्या स्वेटरमध्ये घेतले आणि दरवाजाच्या फळीवर घालून त्याला खाली आणेपर्यंत सोडले नाहीत.

मिदयातच्या दवाखान्यात त्याच्या पायात सळई घातली. तिथेच तिसऱ्या दिवशी बिशपांचा निरोप आला. मठात यापुढे कोणी एकट्याने राहायचं नाही. दुसरा साधू सध्या मिळण्यासारखा नाही. तेव्हा सोय होईपर्यंत मठ बंद ठेवावा.

रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या ओट्यावर गाव जमलं. सगळ्यांना वाईट वाटत होतं. प्रत्येकाचं वाईट वाटणं वेगळं होतं आणि कारण तयार होतं. कोणाची द्राक्षबाग, कोणाची नातवंडं, कोणाचं काळीज कमजोर. बोलणं हळूहळू थंड होत गेलं. हझनोला त्यातून दाराशी रचलेले दगड दिसायला लागले.

"मी जाईन वर राहायला," ती म्हणाली.

मल्केने तिच्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे पाहून हसला, जणू बायकोने विनोद केला. घरी आल्यावर मात्र त्याने गॅलरीचं दार धाडकन लावलं.

"मी तुला घर बांधून दिलं! दोन न्हाणीघरं! आणि तू कबुतरांत राहायला जाणार? कशासाठी?"

तेव्हा तिने त्यालाही सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण गेलं, कारण उजेड होता आणि समोर चेहरा होता. मल्के ऐकत राहिला. त्या लग्नात तोही होता, अठरा वर्षांचा, त्याच रांगेत नाचलेला.

"तुझा बाप," तो शेवटी म्हणाला, "त्या तीन दिवसांत इतका प्यायला होता की तू काहीही सांगितलं असतंस तरी त्याला डोंगर चढता आला नसता. आम्ही त्याला उचलून घरी आणायचो."

हे खरं होतं की तो तिच्यासाठी रचून सांगत होता, हझनोला कळलं नाही. बाप पिऊन आलेला तिला आठवत नव्हता. तिने विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही.

नहरीन फोनवर रडली, ओरडली. "मम्मा, तुला अठ्ठावन्न वर्षं झाली! तिथे पडलीस तर?"

"म्हणूनच दोघं लागतात," हझनो म्हणाली.

ईस्टरनंतर रब्बान सोबो कुबडीवर मठात परतला आणि त्याच्याबरोबर हझनो. मल्के आला नाही. आपण विधुर झालोय असं तो गावभर सांगत फिरला. नवव्या दिवशी तो शेरोच्या गाढवावर बसून वर आला. मागच्या गाढवावर त्याची औषधं, टीव्ही आणि पिंजऱ्यात सहा कोंबड्या.

"इथे टीव्ही चालणार नाही," रब्बान म्हणाला.

"रब्बान, मी बायकोसाठी आलोय, देवासाठी नाही," मल्के म्हणाला. "थोडी सवलत द्या."

टीव्ही खाली गेला, कोंबड्या राहिल्या. मल्केने कधीच्या काळी बापाकडून शिकलेलं चुन्याचं काम आठवून, राख आणि शेळीचे केस मिसळून टाक्याची भेग बुजवली. तो आत असेपर्यंत हझनो तोंडाशी बसून दर दोन मिनिटांनी त्याला हाक मारायची.

"जिवंत आहे!" तो आतून ओरडायचा. "तू गप्प बसलीस तर कामही होईल!"

पुढच्या हिवाळ्यातल्या पावसाचं पाणी टाक्यात ऑगस्टपर्यंत पुरलं.

मोर शलीतोच्या सणाला मठातल्या मृतांची नावं वाचतात. जुनी यादी चामड्याच्या वहीत होती, चौदाशे वर्षांची नावं, कित्येक पुसट. रब्बान सोबोने ती वाचून दाखवली तेव्हा हझनोच्या लक्षात आलं की यादी मधेच थांबते. बर्सौमो मेला तेव्हा त्याचं नाव लिहायला मठात कोणी उरलंच नव्हतं. रब्बानने वही तिच्यासमोर ठेवली आणि विचारलं, "कुठला होता? बापाचं नाव काय?" तिला माहीत होतं. तिने सांगितलं, त्याने लिहिलं. त्याने तेव्हाही तिला क्षमेबद्दल काही सांगितलं नाही आणि तिने मागितली नाही. दर शनिवारी मात्र ती बर्सौमोच्या कबरीवरचं गवत काढते आणि कोणी बघत नसेल तर चिमूटभर तंबाखू ठेवते.

आता तिथे दोन तरुण उमेदवार साधू आहेत, उन्हाळ्यात आपली जुनी भाषा शिकायला वीसेक मुलं येतात. हझनोची काळजी मात्र कमी झाली नाही. जेवायला बसले की ती डोकी मोजते, एक कमी भरलं तर ताट सोडून उठते. मुलं हसतात. गेल्या उन्हाळ्यात एक मुलगा अंजिराच्या झाडावर लपून बसला, तेव्हा त्याला शोधताना तिने सगळा मठ डोक्यावर घेतला. सापडल्यावर तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याला समोर बसवून दोन ताटं खायला लावली.